सहा व्होल्टांचा शोध

गतवर्षी वैशाखात आम्ही साताऱ्याहून पुण्यास निघालो होतो. माझी मोटार जुनी, डिझेलवर चालणारी. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि वातानुकूलन यंत्रातून ऊन वारा येऊ लागला. "गॅस संपला," असा निर्णय मी तत्काळ देऊन टाकला. मुख्याध्यापकाची जुनी खोड, दुसरे काय!

शिरवळला एका वायरमनच्या दुकानी थांबलो. तो माझाच विद्यार्थी निघाला. "गॅसच संपला, हे कशावरून, सर?" त्याने नम्रपणे विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

इंजिन चालू ठेवून त्याने बॅटरीला मीटर लावला : १४ व्होल्ट. मग कॉम्प्रेसरच्या क्लचला लावला. तेथे अवघे ८! मुलांनो, हा क्लच म्हणजे विद्युच्चुंबक. त्याला पुरेसा जोर मिळाला नाही, तर पट्ट्यावरचे चाक नुसतेच फिरते, कॉम्प्रेसर फिरत नाही. मग गॅस असूनही थंडावा कोठला?

"सर, ६ व्होल्ट वाटेत कोणीतरी खाल्ले." बॅटरीचे ऋण टोक आणि क्लचची अर्थची तार यांमध्ये त्याने मीटर धरला. बरोबर ६! तारेच्या बोल्टाखाली हिरवट गंज साचला होता. पॉलिश पेपरने तो घासून त्याने बोल्ट आवळला. 'टक्' असा आवाज झाला आणि गार वारा सुटला.

याच मुलाला, फार प्रश्न विचारतो म्हणून, मी एकदा बाकावर उभे केले होते. ते त्याला आठवते काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.