चोवीस रकाने आणि एक वही

१/ राजकीय नियतकालिकांचा इतिहास आपण बहुधा अग्रलेखांवरून सांगतो. कोणत्या अंकात कोणावर टीका झाली, कोणावर खटला भरला गेला, कोण तुरुंगात गेले. परंतु अंक निघण्यापूर्वी आणि निघाल्यानंतरची कामे कोण करत होते? आजचा धागा त्या कामांविषयी आहे. त्यात थोडी माझीही गोष्ट येईल. नेहमीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावे.

२/ आरंभ आमच्या बदलापुरातून करते. ३ मे १९२७ रोजी येथे शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याच्या अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्या वेळी उल्हासनगर हे नाव जन्मालाही आले नव्हते. निर्वासितांच्या कल्याण कॅम्पला ते १९४९ साली मिळाले. कल्याणच्या पुढे वाफेची गाडी धावत होती. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन जेमतेम दीड महिना लोटला होता, आणि 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू होऊन बरोबर एक महिना.

३/ बदलापूरच्या या समारंभाचा वृत्तांत त्या पाक्षिकात छापून आला. मी तो प्रथम वाचला तेव्हा आपल्या गावाचे नाव पाहून हरखून गेले. काही दिवसांनी मात्र दुसराच प्रश्न छळू लागला. सभा संपली, पाहुणे परतले. मग हा मजकूर लिहून काढला कोणी? प्रुफे तपासली कोणी? अंकांना वेष्टने लावून पोस्टात नेऊन टाकले कोणी?

४/ 'बहिष्कृत भारता'चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ चा. संपादक स्वतः आंबेडकर. ते त्या वर्षी काय काय करत होते ते पाहा. उच्च न्यायालयात वकिली, मुंबई कायदेमंडळाचे सभासदत्व, उदरनिर्वाहासाठी अध्यापन, बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम आणि गावोगावच्या परिषदा. या सगळ्यांतून उरलेल्या रात्री पाक्षिकाच्या वाट्याला येत. अंकाचे चोवीस चोवीस रकाने लिहून काढण्याचा भार बहुतांशी त्यांच्या एकट्यावर होता, आणि त्याचे मानधन शून्य.

५/ आता मुद्रणाचा विचार करा. हाताने लिहिलेला मजकूर छापखान्यात जाई. तेथे जुळारी एकेक खिळा उचलून ओळ उभी करी. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे घर इंग्रजीच्या कितीतरी पट मोठे. प्रूफ निघे, दुरुस्त्या होत, पुन्हा प्रूफ निघे. छपाई झाली की तेच खिळे सुटे करून आपापल्या खणांत परत टाकायचे. हस्तलिखित एक दिवस उशिरा आले तर ही सगळी साखळी मागे सरके.

६/ कायद्याचाही जाच होता. १८६७ च्या अधिनियमानुसार मुद्रक आणि प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे आणि प्रत्येक अंकावर त्यांची नावे छापावी लागत. १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टाने नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत अनामत मागण्याची तरतूद केली होती. तो कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. म्हणजे 'मूकनायक' निघाला, ३१ जानेवारी १९२० रोजी, तेव्हा तो लागूच होता.

७/ 'मूकनायका'ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले, हे आपण जाणतो. आंबेडकर त्या काळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पुढे ज्ञानदेव घोलप यांनी ते काम पाहिले. जुलै १९२० मध्ये आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पाक्षिक बंद पडले. आरंभीचे भांडवल एकदाच मिळते. वर्गणी मात्र दरवर्षी गोळा करावी लागते.

८/ वर्गणी हे सर्व चळवळीच्या पत्रांचे दुखणे. अंक व्ही. पी.ने पाठवायचा, वर्गणीदाराने तो पैसे देऊन सोडवायचा. त्याने नाकारला तर अंक परत, आणि पोस्टाचा खर्च पत्राच्या माथी. 'बहिष्कृत भारता'चा वाचक गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत राबणारा होता. एक प्रत विकत घेऊन साऱ्या चाळीने ऐकायची, असा व्यवहार. वाचन पसरे, तिजोरी भरत नसे. शेवटी आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' अशा मथळ्याचा लेखच लिहिला.

९/ येथे माझी गोष्ट. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी आणि अंबरनाथची एक मैत्रीण मिळून चार पानी पाक्षिक काढत होतो. पाणीपुरवठा, प्रभागांची निवडणूक, लोकलची गर्दी असे विषय. 'केवळ खासगी वितरणासाठी' असे तळाशी छापलेले. अग्रलेख माझे. उल्हासनगरच्या छापखान्यात जाऊन बसणे, दुकानदारांकडून जाहिराती आणणे, गठ्ठे घेऊन तीन स्थानकांवर उतरणे, हिशेब लिहिणे हे सर्व तिचे. नऊ अंक निघाले. मग तिला एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ती थांबली. दहावा अंक निघालाच नाही.

१०/ मी कित्येक महिने सर्वांना दोन कारणे सांगत होते. वाचकांनी वर्गणी दिली नाही, आणि मैत्रिणीने चळवळ सोडली. दुसरे वाक्य मी तिच्या तोंडावरही बोलले. तिने उत्तर दिले नाही. पुढच्या भेटीत हिशेबाची वही तेवढी माझ्या हाती ठेवली. मी ती उघडली नाही. मला वाटे, मजकूर महत्त्वाचा. वही काय, कोणीही लिहील.

११/ 'ऋण' हा शब्द त्या मथळ्यात वाचला त्या रात्री ती वही काढली. जमेच्या बाजूला दर अंकाला एक नोंद होती : 'उसने'. कोणाकडून, ते लिहिलेले नव्हते. अक्षर तिचेच, रकमा दोनशे, चारशे, सहाशे. ती शिकवण्या घेत असे, आणि त्या पैशांतून छपाईची तूट भरत होती. एकूण ४,२०० रुपये. नऊ अंकांत माझे नाव संपादक म्हणून नऊ वेळा छापले गेले. तिचे एकदाही नाही.

१२/ आता पुन्हा इतिहासाकडे. 'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ ला थांबले. अवघ्या वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले आणि तेव्हा आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते! संपादनाची धुरा देवराव नाईक यांच्याकडे होती. पुढे कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे अशा अनेकांनी ती वाहिली. 'जनता' १९५६ पर्यंत चालले आणि मग 'प्रबुद्ध भारत' झाले. पैशांची चणचण याही पत्राला होतीच. पण संपादक दूर असताना निघणारे आणि चालणारे पत्र उभे राहिले होते. माझ्या मते दोहोंच्या आयुर्मानातील फरकाचे एक मोठे कारण हेच आहे.

१३/ गेल्या रविवारी अंबरनाथला जाऊन मी मैत्रिणीला पैसे परत केले. तिने मोजून घेतले, हे मला बरे वाटले. 'चळवळ सोडली' हे वाक्य मागे घेते, असेही सांगितले. ती म्हणाली, "ते तू चारचौघांत बोलली होतीस." म्हणून हा धागा चारचौघांत लिहिते आहे.

१४/ शेवटी एक विनंती. तुमच्या घरी एखाद्या जुन्या पत्राची वर्गणीची पावती, व्ही. पी.चे कागद, वेष्टनावरचा पत्ता किंवा हिशेबाची वही असेल तर रद्दीत घालू नका. अग्रलेखांचे खंड निघतात. ते अंक गठ्ठे बांधून पोस्टापर्यंत नेणाऱ्यांचा पुरावा बहुधा अशाच कागदांत असतो.