ब्रॉयलर कोंबडी पाणी कुठलं पिते?

"डॉक्टर, चिकन खाऊ का? त्यात हार्मोनची इंजेक्शनं असतात म्हणे!" घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अधूनमधून येतोच, आणि गटारी जवळ आली की जरा जास्तच.

तर, हार्मोनची इंजेक्शनं नसतात. हजारो पिल्लांना एकेक करून सुई टोचणं परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. ४० ग्रॅमचं पिल्लू ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोचं होतं, ते निवडक पैदास आणि खाद्य यांच्या जोरावर. मी पेशंटला उलट विचारतो, ती कोंबडी पाणी कुठलं प्यायली? बहुतेक जण हसतात.

पण हिशेब करून बघा. ब्रॉयलर जेवढं खाद्य खाते, त्याच्या वजनाच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पिते. म्हणजे दोन किलोची होईपर्यंत तिच्या पोटात साधारण सहा लिटर पाणी गेलेलं असतं. उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त, कारण कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड ठेवते.

माझ्या एका जुन्या पेशंटच्या भावाची कर्जतजवळ करारावरची पोल्ट्री आहे. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, मजुरी आणि पाणी याचं. म्हणजे सगळ्यात जास्त पोटात जाणारी गोष्ट ज्याची त्याने बघायची. आपल्याला भांडुपच्या केंद्रात शुद्ध केलेलं पाणी मिळतं, तरी पावसाळ्यात आपण ते उकळतो. तिथे बोअरवेल, टाकी आणि लांबलचक पाइप. त्याने एका पाइपचं टोक उघडून दाखवलं. आत बोट फिरवलं तर बुळबुळीत थर लागला. पिल्लांसाठी शेड उबदार ठेवलेली, पाणी पाइपातून हळू सरकणारं, वर त्यातूनच गूळ आणि व्हिटॅमिन दिलेली. जंतूंना याहून काय हवं? या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत ई. कोलायसारखे जंतू क्लोरिनलाही सहज दाद देत नाहीत.

असं पाणी पिऊन पक्ष्यांना हगवण लागते, खालची तुसाची गादी ओली होते, तिच्यातून अमोनिया उठतो. डोळे चुरचुरतात, श्वसनमार्ग सुजतो, तळपायांना भाजल्यासारख्या जखमा होतात. आपल्याकडे दुकानदार पाय तोडून, कातडी सोलून देतो, त्यामुळे या खुणा आपल्याला दिसतच नाहीत. तहान आणि प्रवासाच्या ताणाने स्नायूंतली साखर संपली, तर मांसही गडद आणि कोरडं होऊ शकतं.

डॉक्टर म्हणून माझी काळजी मात्र पुढची आहे. पक्षी आजारी पडले की अँटिबायोटिक त्याच पाण्यातून सगळ्यांना दिलं जातं. जो जास्त आजारी तो पाणी कमी पितो, म्हणजे औषधही त्यालाच कमी मिळतं. अशा अर्धवट डोसातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. कोलिस्टिन हे आयसीयूमधलं आमचं अखेरचं हत्यार. ते पोल्ट्रीतही वापरलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता त्याचं उत्पादन आणि विक्री बंद केली. लघवीच्या कल्चरच्या रिपोर्टमध्ये एकाखाली एक 'रेझिस्टंट' वाचताना मला हे आठवतं. सगळं खापर कोंबडीवर फोडायचं नाही. सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेणारेही यात आहेतच.

कर्जतचा शेतकरी आता दोन बॅचच्या मधल्या दिवसांत हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पाइप धुऊन काढतो. पाण्यात क्लोरिन टाकतो आणि ते शेवटच्या निपलपर्यंत पोचलं का, हेही तपासतो. लासोटा लस पाण्यातून द्यायच्या वेळी क्लोरिन बंद, नाहीतर लसच मरते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे औषधांची गरज कमी झाली आहे. मला ते पटतं.

तुम्ही शेडपर्यंत जाणार नाही, पण दुकानातला पिंजरा बघता येतो. मे महिन्यात चोची उघड्या टाकून धापा टाकणारे पक्षी आणि पाण्याचं भांडं कोरडं असेल, तर मी पुढच्या दुकानात जातो. घरी आणल्यावर चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर ओटाभर पसरतात. कोशिंबिरीसाठी सुरी आणि पाट वेगळे ठेवा. हाडाजवळचं मांस गुलाबी दिसलं तर आणखी शिजू द्या.