किप्पूरची कॅसेट

शेंदूरजनाघाटात चालू टेपरेकॉर्डर बाळगणारे मास्तर, एवढ्याच भांडवलावर ठाण्याच्या मित्रानं त्याच्या वडिलांच्या कॅसेटी माझ्याकडे पाठवल्या. मित्र बेने इस्रायल, म्हणजे मूळचे कोकणकिनाऱ्यावरचे मराठी यहुदी. वडील हझान होते. हझान म्हणजे सिनेगॉगमधले... पुजारी म्हणावं तर पूजा नाही, गवई म्हणावं तर मैफल नाही. सगळ्यांच्या पुढे उभं राहून प्रार्थना गाणारे. "कॉम्प्युटरमध्ये उतरवून दे," मित्र म्हणाला. मी हो म्हटलं, आणि मग उतरवायचं कसं ते विचारायला वरुडला गेलो.

मेकॅनिकनं कॅसेटच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन इवल्या पाकळ्या दाखवल्या. "गुर्जी, ह्या आधी तोडा. चुकून रेकॉर्ड दाबलं तं आवाज पुसून जाईन." पाकळी तुटली की रेकॉर्डचं बटण दबतच नाही. इतकी वर्षं मला ती कॅसेटची नक्षी वाटत होती.

मग हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. वर्षानुवर्षं पडून असलेली फीत एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घेतली, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. तरी आवाज घोंगडीतून आल्यासारखा. हेड फितीला अगदी काटकोनात नसेल तर वरचे सूर गळतात. त्याला म्हणतात ॲझिमथ, म्हणजे माझ्या भाषेत हेडाचा तिरपेपणा. हेडाशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवला आणि आवाज उजळला. मित्राचे वडील इतका वेळ नीटच गात होते.

हिब्रू ऐकायच्या तयारीनं बसलो, तर आली पेटी, टाळ आणि मराठी साकी! भावांनी विकलेल्या योसेफाची कथा. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "कोन्या गावचे महाराज व्हय? बरे गाऊन रायले." मित्रानं सांगितलं, 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या जिल्ह्यात जन्म काढून मला हे काकूंबरोबर कळत होतं.

दुसऱ्या कॅसेटवर लिहिलं होतं 'किप्पूर'. योम किप्पूर म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा, कडक उपासाचा दिवस. एकट्या आवाजातली हिब्रू प्रार्थना, आणि मधेच कुकरची शिट्टी. जतनाचे जाणकार सांगतात, मूळ प्रत 24 बिट, 96 किलोहर्ट्झला, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये ठेवा. नव्वद मिनिटांच्या स्टिरिओ कॅसेटची फाइल 3 जीबीच्या वर जाते, आणि उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात. घाई करता येत नाही. मला मात्र आवाज स्वच्छ करायचं सॉफ्टवेअर सापडलं होतं. शिट्टी अशी सफाईनं उडवली की मित्राला फोन करून बढाई मारली.

"अरे, शिट्टी ठेव," तो म्हणाला. "किप्पूरला आमच्या घरात चूलच पेटत नाही. आणि त्या दिवशी, तसंच शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, टेपचं बटण दाबणंही वर्ज्य."

बेने इस्रायलांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचे घाणे शनिवारी बंद असत, हे मी वर्गात शिकवलंय. बटण दाबणं हेही काम, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे सर्वांत मोठ्या दिवसांची प्रत्यक्ष प्रार्थना त्या कॅसेटींत असणारच नव्हती. वडिलांनी एरवी कधीतरी घरी बसून चाल भरून ठेवली होती, मुलानं शिकावी म्हणून. शिकलास का, असं विचारल्यावर मित्रानं विषय बदलला.

आता जाणकारांचं ऐकतो. मूळ फाइल खरखर, खोकला, शिट्टीसकट तशीच, दोन वेगळ्या डिस्कवर. साफसूफ फक्त ऐकायच्या प्रतीवर. शिवाय प्रत्येक फाइलसोबत माहितीची नोंद हवी. किप्पूरच्या नोंदीत मी लिहिलं : स्थळ – घर, स्वयंपाकघराजवळ. वर्ष – कॅसेटवर नाही. वार – शनिवार सोडून कोणताही.