वाशिमच्या पेठेतील रात्रीचे आवाज

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. बाहेरगावचे यात्रेकरू येथे बालाजीचे मंदिर आणि पद्मतीर्थ पाहतात व शिरपूरकडे निघून जातात. जुन्या पेठेत मुक्काम करणारा विरळाच. त्यामुळे तेथील घरांना रात्री किती आवाज असतात, याची कल्पना घरच्या माणसांखेरीज कोणाला नसते.

आमचे घर त्याच पेठेत आहे. दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, पाच खणांचे धाबे, आणि गळती थांबावी म्हणून पुढे त्यावर चढवलेले पत्रे. माजघराच्या फरशीखाली एक पेव आहे. वडिलांच्या काळी त्यात ज्वारी भरलेली असे. गेली चाळीस वर्षे ते रिकामेच होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरात रात्र लांब असते आणि कानांना दुसरे काम नसते.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. हिंगोली म्हणजे पैनगंगेपलीकडचा आमचा शेजार. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, हे आम्ही काही वर्षे वृत्तपत्रांत वाचत आलो होतो. आता मात्र आमच्या घरातील प्रत्येक खुट्ट भूगर्भाच्या नावावर जमा होऊ लागला. त्यातही एका आवाजाने सर्वांची झोप उडाली. आठवड्यातून चार-पाच रात्री माजघरातून खोल 'धप्प' होई आणि मागोमाग फडताळातील भांडी किणकिणत. नातवंडांना उचलून सारे अंगणात धावत. मुलाने नव्या वसाहतीत भाड्याचे घर पाहण्यास सुरुवात केली. नव्वदीला टेकलेली आई जागची हलली नाही. ती म्हणाली, "तुम्ही जा. मला दोन वेळचे पाणी गाळून ठेवा म्हणजे झाले."

एप्रिलमध्ये मुंबईचा भाचा सुटीवर आला. मित्राच्या शिडाच्या होडीवर, बंदरात नांगर टाकून, त्याने अनेक रात्री काढल्या आहेत. त्याने सांगितले, "मामा, नांगरलेल्या होडीवर कोणी झोपू शकत नाही असे पहिल्या रात्री वाटते. डोलकाठीवर दोर आपटतो, तळाशी साखळी खरवडते, सुकाणू खडखडते. पोकळ होडी तबल्यासारखी घुमते, म्हणून आवाज येतो एकीकडून आणि वाटतो दुसरीकडून. पाण्याखालून तर पापड तळल्यासारखी तडतड ऐकू येते. ती बारीक कोळंब्यांच्या नांग्यांची असते." यावर खलाशांचा उपाय साधा असतो. अंधारात एकेका दोरावर हात ठेवायचा. ज्यावर हात ठेवताच आवाज थांबेल तो दोर आवळायचा आणि पुढच्याकडे वळायचे.

तीच रीत आम्ही घराला लावली. दिवेलागणीनंतरची टकटक पत्र्यांची निघाली. वीस फुटी पोलादी पत्रा तीस अंशांनी निवला, तर सुमारे दोन मिलिमीटर आखडतो. बोल्टाने धरून ठेवल्यामुळे तो हळूहळू न सरकता झटक्याने सरकतो. पहाटेची खडखड नळाची होती. पाणी सुटण्याआधी नळातली हवा तोट्या हलवत असे. माळ्यावरची पावले उदमांजराची निघाली. आतमध्ये पिले नाहीत याची दोन दिवस खात्री केली. मग ते रात्री बाहेर पडल्यावर कडुनिंबाच्या फांदीलगतच्या भोकाला जाळी ठोकली. दुसऱ्या रात्री ते जाळीवर बसून आमच्याकडे पाहत होते. त्या नजरेत तक्रार होती, असे नातीचे ठाम मत आहे.

उरला तो 'धप्प'. त्यासाठी एक वही घातली. तारीख, वेळ आणि भांडी वाजली की नाही, एवढेच तीन रकाने. आमचे व्याही वसमतकडील एका खेड्यात राहतात. त्यांनाही तशीच वही ठेवायला सांगितली. दर रविवारी फोनवरून दोन्ही वह्यांचा मेळ घालायचा. उभे आयुष्य खाती जुळवण्यात गेलेल्या माणसाला याहून सोयीचे काम कोणते? तीन आठवड्यांत त्यांच्याकडे अकरा आवाजांची नोंद झाली, आमच्याकडे चौदांची. एकही वेळ जुळली नाही. आमच्या नोंदी बहुतेक रात्री अकरा ते एकच्या दरम्यानच्या होत्या, आणि रविवारी रात्री एकही नव्हती.

रविवार लक्षात येताच भाचा रस्त्यावर जाऊन उभा राहिला. हंगाम हळदीचा होता. भरलेले ट्रक पेठेच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून धाडकन उतरत. तो हादरा जमिनीतून आमच्या पेवापर्यंत पोहोचे. पेवावरील दगडी झाकण एका कडेने झिजले होते, ते क्षणभर डुले आणि खालची पोकळी घुमे. त्या रात्री झाकणावर गव्हाची दोन पोती ठेवली. बारा वाजून दहा मिनिटांनी ट्रक गेला. फडताळातील वाटीसुद्धा वाजली नाही.

व्याह्यांच्या वहीतील आवाज मात्र पोत्यांनी थांबणारे नव्हेत. भूपृष्ठाच्या जवळ, कठीण खडकात झालेला लहानसा भूकंपही तोफेसारखा ऐकू येऊ शकतो. जमिनीचा पृष्ठभाग पडद्याप्रमाणे थरथरतो आणि हवेला धक्का देतो. अमेरिकेतील मूडस या गावाचे नावच मुळी 'आवाजांचे ठिकाण' अशा अर्थाच्या मूलनिवासी शब्दावरून आले आहे. तेथे उपकरणे बसवल्यावर उथळ, अतिसूक्ष्म भूकंपच सापडले. अशा गावांत भीती बाळगायची ती डोक्यावरच्या ओझ्याची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी हे त्याचे मोठे कारण होते. आमच्या घराची जातकुळीही तीच. म्हणून पेवाचे कोडे सुटले तरी मुलाचा आग्रह मला निराधार वाटला नाही.

मे महिन्यात पेव मुरूम घालून ठासून भरले, कारण त्याच्या कडेलाच मधला खांब उभा आहे. १० जुलै २०२४ रोजी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा भांडी वाजली. आई माळ जपत होती. या वेळी मी वही उघडण्यापूर्वीच व्याह्यांचा फोन आला. वेळ जुळली. हिंगोली जिल्ह्यातील त्या भूकंपाची तीव्रता ४.५ होती. तो वाशिमपर्यंत सर्वांना जाणवला, आणि आमच्या पश्चिमेकडील भिंतीत बोटभर लांबीची चीर पडली.

दिवाळीनंतर गवंडी लावला. पत्र्यांखालच्या धाब्यावर पिढ्यान्‌पिढ्या थर चढले होते. दोन खणांची माती उतरवली, तेव्हा सहा ट्रॉल्या भरल्या. आईची खाट आता त्या दोन खणांखाली हलवली आहे. उरलेले तीन खण या उन्हाळ्यात उतरवायचे आहेत. मुलाने भाड्याच्या घराची अनामत रक्कम परत आणली असून ती मजुरीसाठी वेगळी ठेवली आहे.