बद्द वाजणारा बीम

कॉलेजची इमारत तपासायला बोलावणं येतं ते बहुधा मे महिन्यात. परीक्षा संपलेल्या, वर्ग रिकामे, सगळ्यांची सोय. पण मेमध्ये भिंती कोरड्याठाक असतात आणि दुखणं असतं पाण्याचं. त्यात कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती नुकतीच येऊन गेली असेल तर भिंतींवर रंगाचे दोन हात चढलेले, म्हणजे पुरावाच बुजवलेला. म्हणून प्राचार्यांच्या केबिनमधला चहा झाला की मी जुन्या शिपायाला गाठतो. पावसात बादली कुठे ठेवावी लागते, हे त्याला पाठ असतं.

मग गच्ची. पन्हाळाच्या तोंडाशी कुजलेला पाला, पॅराफिटच्या सांध्यात रुजलेला पिंपळ आणि गळती थांबावी म्हणून जुन्या कोब्यावर घातलेला नवा कोबा. वजन वाढतं स्लॅबवर, पाणी आपली वाट काढतंच. कोब्याखालून आडवं सरकत ते भलत्याच वर्गात उतरतं.

भेगांच्या बाबतीत लोक नको तिथे घाबरतात. कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यातली उभी भेग दिसायला भयंकर, पण दोन वेगळे माल ऊन-थंडीत वेगवेगळे हलतात, बहुतेकदा इतकंच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली असेल तर मात्र पाया खचतोय का ते बघायचं. अशा भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालतो. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. आणि बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत गेलेली केसाएवढी भेग, शेजारी तांबूस डाग, असं दिसलं की मी शिडी मागवतो.

हातोडीने ठोकलं की चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द. बद्द वाजलेला भाग फोडायचा, धूळ झटकायची (ती राहिली तर रंग फसवतो) आणि ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलिन मारायचं. हे द्रावण केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत असतंच. देणारे सर हटकून स्वतः बघायला येतात. निरोगी काँक्रीटचा सामू साडेबाराच्या आसपास, तिथे गडद गुलाबी उमटतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो नऊच्या खाली आणला असेल तर रंग येतच नाही. फोडीवर बिनरंगी पट्टा 25 मिलिमीटर आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर 20, म्हणजे सळईला गंजापासून राखणारा अल्कलीचा थर संपला. पुढचं काम ओल करते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि कव्हर ढकलून पाडतो. गंमत म्हणजे अशाच काँक्रीटवर ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर जास्त आकडा दाखवतो, कारण कार्बन डायऑक्साइडच्या या क्रियेने, म्हणजे कार्बोनेशनने, वरचा थर कडक होतो. नुसत्या त्या आकड्यांवर बेतलेला अहवाल मी बाजूला ठेवतो.

अहवालात माझा क्रम ठरलेला: आधी पन्हाळ, मग जादा कोबा काढणं, मग सळया घासून बीमची दुरुस्ती, रंग सर्वांत शेवटी. कॉलेजच्या व्यवस्थापन समितीला हे उलटं हवं असतं, कारण रंग दिसतो आणि पन्हाळ कोणी बघत नाही. त्यावर वाद होतो, मंजुरीला महिने जातात. तोवर त्या बीमखालचे बाक हलवा, हे मी अहवालाची वाट न बघता तिथल्या तिथे सांगतो आणि शिपायाकडून हलवून घेतो.