नववीच्या वर्गात आपली मुले कुठे आहेत?

वाचनाचे महत्त्व आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगावे असे नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. कोवळ्या वयात योग्य पुस्तक हाती पडले तर काय घडते, हे १९५६ साली नागपुरात जगाने पाहिले. म्हणूनच एखाद्या पुस्तकाने आपल्या मुलांची निराशा केली, तर ती बाब आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

अमरावती व अकोल्याच्या काही मुलामुलींना आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी वाचावयास दिली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. नववीतील मुकुंद जोशी व त्याचे मित्र, त्यांचा व्रात्यपणा, शिरोडकर नावाच्या मुलीविषयीची ओढ आणि मागे आणीबाणीची छाया, असा तिचा विषय. मुलांनी ती भराभर वाचली, हसलीही. पण चर्चेला बसल्यावर चेहरे उतरलेले.

"मामाजी, पुस्तक चांगलं हाये," दहावीतील एक मुलगी म्हणाली, "पन माही काळजी यात नाही. फारमासंगं जातीचा दाखला द्या लागते, तवा सारा वर्ग पायते." एक मुलगा म्हणाला, "माहा दोस्त आठवीतच शाळा सोडून गॅरेजात लागला. त्याची गोष्ट कोन लिहीन?"

काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले, की प्रेमाबिमाची असली पुस्तके मुलांना देऊच नयेत. हे आम्हास पटत नाही. त्या वयात मन ओढ घेतेच. पुस्तक लपवून ते थांबत नाही. लेखकाचाही दोष नाही. जे जग त्यांना ठाऊक, ते त्यांनी लिहिले. प्रश्न आपल्या कपाटाचा आहे.

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) ही पुस्तके आपला ठेवा आहेत. पण ती मोठ्यांनी मागे वळून लिहिलेली आत्मकथने. त्यातील भूक आणि अपमान आजी-आजोबांच्या काळाचे. आजच्या मुलाचे दुःख निराळे आहे: ट्यूशनची फी, बापाचे व्यसन, वसतिगृहातील एकटेपणा, आणि मन जडलेच तर जातीची धास्ती. हे त्याच्याच वयाच्या डोळ्यांनी सांगणारी कादंबरी त्याला हवी आहे.

कथेला सामग्रीची वाण नाही. जोशी नववीत होता त्या काळात आपल्या वस्त्यांत पँथरचे वारे होते. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे लाँगमार्च निघाला. त्या वेळची शाळकरी मुले आज साठीत आहेत, आपल्याच शेजारी राहतात. त्यांना बोलते केले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर मुलांना अर्धा तास द्या. शाळा सुटलेल्या एका मित्राविषयी किंवा मैत्रिणीविषयी एक पान लिहावयास सांगा. शुद्धलेखन नंतर पाहू. गॅरेजातील मित्राची दोन पाने त्या मुलाने लिहून आणलीही आहेत. ती वाचताना कोणाचा चेहरा उतरला नाही. पुढे काय झाले, एवढेच सर्वांनी विचारले.

जय भीम!