आधी वकील, मग जबाब

लाच म्हटलं की महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सापळा उभा राहतो: पावडर लावलेल्या नोटा, दोन पंच आणि सोड्याच्या पाण्यात गुलाबी होणारी बोटं. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत मी आरोपींच्या बाजूने जे खटले लढवते, त्यांत असा प्रसंग क्वचितच असतो. तिथे असतात ई-मेल, बँकेची स्टेटमेंट्स, फोनमधले संदेश आणि आरोपीने स्वतः तपास अधिकाऱ्यांना दिलेली उत्तरं. यातला बाकीचा पुरावा माणूस माझ्याकडे येण्याआधीच तयार झालेला असतो. उत्तरं देणं मात्र अजून त्याच्या हातात असू शकतं. म्हणून हा लेख मुख्यतः या उत्तरांबद्दल आहे.

फेडरल म्हणजे राज्याचा नव्हे, तर देशाचा कायदा. केंद्रीय अधिकाऱ्याला लाच देणं किंवा त्याने ती घेणं, यासाठी 15 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आपल्या माणसांना अनपेक्षितपणे गाठतं ते कलम वेगळं, 666 क्रमांकाचं. एखाद्या संस्थेला वर्षभरात केंद्राकडून 10,000 डॉलरहून जास्त निधी मिळत असेल आणि व्यवहार 5,000 डॉलर किंवा त्याहून मोठा असेल, तर तिथला कर्मचारीही लाचेच्या फेडरल गुन्ह्यात सापडू शकतो. शिक्षा 10 वर्षांपर्यंत. नगरपालिका, विद्यापीठं, रुग्णालयं, वाहतूक मंडळं अशा असंख्य संस्था या व्याख्येत बसतात. तिथे सॉफ्टवेअरची कंत्राटं ठरवणारा मराठी इंजिनिअर स्वतःला सरकारी माणूस समजत नाही. कायद्याला त्याने काही फरक पडत नाही.

पैसे किंवा भेटवस्तू मिळाली एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. ती कशासाठी मिळाली, केव्हा ठरलं आणि घेणाऱ्याच्या मनात काय होतं, यावर खटला उभा राहतो किंवा कोसळतो. इंडियानातल्या पोर्टेज गावचे महापौर जेम्स स्नायडर यांच्या काळात गावाने एका ट्रक कंपनीकडून कचरागाड्या घेतल्या, सुमारे 11 लाख डॉलरच्या. पुढच्या वर्षी, 2014 मध्ये, त्या कंपनीने स्नायडर यांना 13,000 डॉलरचा चेक दिला. तो सल्ल्याचा मोबदला होता, असं त्यांचं म्हणणं. ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की कलम 666 आधी ठरलेल्या लाचेला लागू होतं. काम झाल्यावर, आधी काहीही ठरलेलं नसताना दिलेल्या बक्षिसीला नाही. व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल यांच्यावर एका उद्योजकाकडून 1,75,000 डॉलरच्या भेटी आणि कर्जं घेतल्याचा आरोप होता. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवणारा निकाल एकमताने रद्द केला. कुणासाठी बैठक जुळवून देणं किंवा एखाद्या अधिकाऱ्याशी गाठ घालून देणं, एवढ्यानेच ते लाचेच्या गुन्ह्यासाठी लागणारं 'अधिकृत कृत्य' ठरत नाही, हे त्या निकालाचं सार.

हे निकाल मला नैतिकदृष्ट्या सुखावणारे वाटत नाहीत. पण त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते: तेच पैसे आणि तीच माणसं असूनही ठरवण्याची वेळ आणि हेतू बदलला, की निकाल बदलतो. आणि हेतूचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आरोपीच्या तोंडचं वाक्य. 'अहो, ते तर त्यांनी कामाबद्दलच दिले होते,' असं कुणी भाबडेपणाने बोलून गेला, की सरकारी वकिलाचं निम्मं काम झालं.

हे वाक्य बहुधा दारातच बोललं जातं. सकाळी एफबीआयचे दोन अधिकारी घरी येतात. बोलणं सौम्य असतं. त्यातला एक जण टिपणं घेतो आणि त्यावरून पुढे अहवाल तयार होतो. चित्रपटांतून ठाऊक झालेली 'गप्प राहण्याचा अधिकार आहे' ही सूचना ताब्यात घेऊन चौकशी करतानाच बंधनकारक असते. दारातल्या गप्पांना ती लागत नाही, अधिकार मात्र तेव्हाही असतो. आपल्याकडे आल्यागेल्याला चहा विचारायची रीत आहे, आणि लपवण्यासारखं नाही तर बोलायला काय हरकत, अशी समजूत. तिथेच घात होतो. केंद्रीय तपासात जाणूनबुजून केलेलं महत्त्वाचं खोटं विधान हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला शपथेची गरज नाही, आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रसिद्ध उद्योजिका मार्था स्टुअर्ट यांच्यावरचा शेअर फसवणुकीचा आरोप न्यायाधीशांनी काढून टाकला होता. 2004 मध्ये त्या दोषी ठरल्या त्या कट, तपासात अडथळा आणि खोट्या विधानांबद्दल.

अशा वेळी खोटं बोलू नये आणि घाईने खरंही बोलू नये. 'मी वकिलाशी बोलून मग उत्तर देईन, आपलं कार्ड द्या,' एवढं नम्रपणे म्हणावं. झडतीचं वॉरंट असेल तर अडवू नये, पण झडती चालू असताना गप्पाही मारू नयेत. कागद फाडू नयेत, संदेश पुसू नयेत. तपासात अडथळा आणण्यासाठी पुरावा नष्ट करण्याची शिक्षा 20 वर्षांपर्यंत जाते, म्हणजे मूळ लाचेपेक्षाही जास्त. सहकाऱ्यांना फोन करून 'आपण काय सांगायचं' हे ठरवायला जाऊ नये. कंपनीचा वकील प्रेमाने विचारपूस करत असेल, तरी त्याची अशील कंपनी असते. त्याला सांगितलेलं गुप्त ठेवायचं की सरकारला द्यायचं, हे कंपनी ठरवते.

स्वतःचा वकील निवडताना फेडरल फौजदारी खटल्यांचा अनुभव विचारा. घराची कागदपत्रं करणारा ओळखीचा वकील इथे पुरत नाही. पैसे नसतील तर न्यायालय वकील नेमतं, आणि फेडरल पब्लिक डिफेंडर हे या कामातले फार तयार लोक असतात. आरोपपत्रापूर्वी वकील आला, तर कधी कधी सरकारी वकिलापुढे कागद मांडून आरोप टाळता येतो. आरोप झाल्यावर खटला लढायचा, गुन्हा कबूल करायचा, की सहकार्य करून शिक्षा कमी करून घ्यायची, हे तीन रस्ते उरतात. बहुसंख्य फेडरल आरोपी शेवटी गुन्हा कबूल करतात. म्हणून कबुलीच्या अटी नीट ठरवणं हाही बचावच आहे. ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: या कबुलीने मला देश सोडावा लागेल का? 2010 च्या पॅडिला खटल्यापासून या धोक्याबद्दल सल्ला देणं हे बचावाच्या वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. लाच हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानला जात असल्याने तो धोका खरा असतो.

'म्हणजे तुम्ही भ्रष्ट माणसांना सोडवता?' हा प्रश्न पुण्याच्या प्रत्येक भेटीत समोर येतो. माझ्याच न्यू जर्सी राज्याचे तेव्हाचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरच्या झडतीत सोन्याच्या लगडी आणि 4,80,000 डॉलरहून जास्त रोकड सापडली. त्यांना उत्तम वकील मिळाले, पूर्ण खटला चालला, 2024 मध्ये ज्यूरीने सर्व 16 आरोपांत त्यांना दोषी ठरवलं आणि पुढे 11 वर्षांची शिक्षा झाली. बचाव भक्कम होता म्हणून त्या निकालाचं वजन वाढलं. ज्याला बोलूच दिलं नाही, त्याला दोषी ठरवणं सोपं असतं. पण अशा निकालावर कुणी विश्वास का ठेवावा? लाचखोरी लोकशाही पोखरते, हे मी मनापासून मानते, आणि म्हणूनच ती सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारने पूर्णपणे पार पाडावी, असा माझा आग्रह आहे.

अमेरिकेत तुमची मुलं, भावंडं, भाचे असतील, तर त्यांना दोन गोष्टी सांगा. कंत्राट, निधी किंवा परवाना हातात असताना, ते देण्याआधी किंवा दिल्यानंतर, कुणाकडून काहीही घेऊ नका. कायद्याच्या बारीक फटीतून सुटका होईल या भरवशावर तर मुळीच नाही. आणि कधी तपास अधिकारी दारात आलेच, तर पहिला फोन वकिलाला करा.